टोपलीतले भाडे

तातेराव : …म्हणूनच सांगतो, आपा, भाडे मी दिलेले आहे. नोटा टोपलीत ठेवल्या, दोर हलवला आणि आपण टोपली वर ओढून घेतली. त्यानंतर भाडेकरूची जबाबदारी कोठे उरते?

गौहर आपा : टोपली तर मी रोजच वर घेते, तातेराव. दूध घेते, भाजी घेते. रमजानचं भाडं त्यात न्हाई आलं. या खिडकीत उभं राहून सगळ्या गल्लीसमोर झूट बोलू का मी?

तातेराव : झूट कोणी बोलते असे मी म्हटलेले नाही. मनुष्यास विस्मरण होऊ शकते.

गौहर आपा : मला? गुडघे गेले म्हणून जिना उतरत न्हाई. डोकं जागेवर हाय बिलकुल.

शिवकन्या : अहो, किती येळ वर तोंड करून भाषण देऊन राह्यलात? गिऱ्हाईक पान न घेता माघारी गेलं. आन् चांदपाशाची गाडी येईल आता. त्यो कुलूप लावल्याबिगर जायचा न्हाई.

गौहर आपा : कुलूप तर ईदलाच आणून ठेवलं त्यानं. भाच्यानं इचारलं, खाला, भाडं आलं का? मी म्हणले, न्हाई आलं. मंग म्हणला, पुढच्या खेपेला येतो आन् पानपट्टी खाली करतो.

शिवकन्या : भाच्याला सांगायच्या अगोदर आम्हाला एक हाक मारायची व्हती, आपा. वर-खालीच तर राहतो.

गौहर आपा : काय हाक मारू? भाडं द्या, भाडं द्या? बेवा बाई माडीवरून पैसे मागते अन् लोक तमाशा बघतेत. हे गेल्यापासून मी कधी तोंडानं मागितलं का, तूच सांग. तुम्ही ठेवायचं, मी घ्यायचं.

तातेराव : तेच तर! न मागता देणे, न बोलता घेणे. पावती नाही की साक्षीदार नाही. पोचले का, एवढे मी विचारावयास हवे होते. ती चूक मला मान्य आहे. परंतु दिलेच नाही हा ठपका मी प्राण गेला तरी…

शिवकन्या : प्राण राहू द्या, दुकान जाऊन राह्यलं! मंग गळ्यात पाटी अडकवून परतूरच्या फलाटावर पान इकणार का? तिथं तुमचं हे पुस्तकी बोलणं संपेपर्यंत गाडी परभणीला पोचंल.

गौहर आपा : मला काय हौस हाय का, पोरी? चांदपाशा तुमच्या पानपट्टीच्या जागी क्यासेटचं दुकान टाकणार हाय. दिवसभर धडाधड बाजा. त्याच्यापेक्षा यांचं भाषण बरं.

शिवकन्या : थांबा. अहो, मला एक सांगा. पैसे टोपलीत कसे ठेवल्ते तुम्ही? दर महिन्याला उडू नये म्हणून वर लिंबू ठेवता, त्या लिंबाच्या खाली, तसेच?

तातेराव : तसे नाही. त्या दिवशी बाजार भरलेला होता. दुकानासमोर अनोळखी माणसे उभी होती. उघड्या नोटा आपांकडे वर जाताना त्यांनी पाहाव्यात, हे मला प्रशस्त वाटले नाही. म्हणून विड्याच्या पानांत नोटा गुंडाळल्या आणि दोऱ्याने पुडा बांधला.

गौहर आपा : पुडा? पानाचा?

तातेराव : होय. आपणांस पान आवडते. उघडाल तेव्हा नोटा दिसतीलच, असा माझा विचार होता.

गौहर आपा : कोणत्या वक्ताला?

तातेराव : ऐन दुपारी.

गौहर आपा : तातेराव… रमजान चालू व्हता.

तातेराव : होय. म्हणजे… अरे!

गौहर आपा : रोज्यात दुपारी पान कोण खातं? दर साली तुम्ही रोजा सुटल्यावर पानं पाठवता.

शिवकन्या : मंग त्या पुड्याचं काय केलं, आपा?

गौहर आपा : मला वाटलं, तातेराव भुलले. उन्हाळ्याचा रोजा, घसा सुकलेला. समोर पान ठेवून जिवाला कशाला तरसवायचं…

शिवकन्या : आपा, काय केलं?

गौहर आपा : बुलबुलला टाकला.

तातेराव : शेळीला?

गौहर आपा : दोऱ्यासकट. उभ्या उभ्या खाल्ला तिनं. मी उलट पाठीवरून हात फिरवला, म्हणले, किती भूक लागल्ती माझ्या लेकराला!

तातेराव : परंतु नोटा… त्याही?

शिवकन्या : दुकानातलं क्यालेंडर खिळ्यासकट ओढलं तिनं, नोटा सोडते व्हय!

तातेराव : हसू नकोस, शिवकन्या. विषय गंभीर आहे. आपा, मी नीट विचार करून सांगतो. वस्तू झाकून द्यायची आणि आत काय आहे ते सांगायचे नाही, याला देणे म्हणत नाहीत. भाडे मालकाला कळेपर्यंत त्याची जोखीम भाडेकरूवर असते. मी पुन्हा देईन. फक्त दोन हप्ते करून द्यावेत.

शिवकन्या : दोनदा भाडं? शेळी त्यांची, पोट तिचं, आन् भरायचं आपण?

गौहर आपा : ती बराबर बोलते. टाकलं मीच, माझ्या हातानं. म्हणजे पोचलं.

तातेराव : पोचले कसे? आपणांस त्यातून काय मिळाले?

गौहर आपा : दूध. ईदचा शीरखुर्मा त्याच दुधाचा व्हता. तुम्ही वाटी चाटून परत पाठवल्ती.

शिवकन्या : गाडीची शिट्टी वाजली, ऐकलं का? आता चांदपाशाला शेळीचं कोण सांगणार? त्यो मानंल?

गौहर आपा : मानंल. हीच तर पंचाईत हाय. म्हणंल, खालानं नोटा बकरीला चारल्या, खालाचं डोकं गेलं, चला औरंगाबादला. मंग हे घर बंद, बुलबुल कसायाला.

तातेराव : तर शेळीचे नावच काढू नका. भाडेकरूने उशीर केला आणि आता दिले, असे सांगा. दोष माझ्यावर राहू द्या. माझे दुकान खाली असते ते आपण वर असता म्हणून.

गौहर आपा : …न्हाई, तातेराव. तुमच्या नावानं झूट न्हाई बोलणार. पोचलं म्हणते. कशात गेलं इचारलं तर म्हणते, ईदच्या शीरखुर्म्यात. त्यात झूट काय हाय? सरका जरा खालून.

(दोर सैल होतो. टोपली हेलकावे खात खाली येते.)

तातेराव : हे तर नवे कुलूप आहे, आपा.

गौहर आपा : चांदपाशानं आणल्तं तेच. रात्री दुकान बंद करताना तुम्हीच लावत जा. तुमचं गंजलंय.

तातेराव : आणि किल्ली?

गौहर आपा : लिंबाच्या खाली बघा. सापडली का?

तातेराव : पोचली, आपा.