वस्तरा, फुगा आणि फिरती खुर्ची

बाबा : आधी दार लाव. आणि हसू नकोस.

लेक : हसत नाहीये. पण हनुवटीला हे काय चिकटवलंय? वर्तमानपत्राचा तुकडा?

बाबा : कापूस सापडला नाही.

लेक : आणि डावा गाल तसाच! निवडुंगासारखा दिसतोय.

बाबा : तिथवर पोचलोच नाही. त्याआधीच रक्त आलं.

लेक : हात दाखवा बघू.

बाबा : हात दाखवून अवलक्षण कशाला?

लेक : बाबा. दाखवा... अगंबाई! कधीपासून थरथरतोय हा?

बाबा : झालं असेल वर्षभर. डॉक्टरला दाखवलंय, डोळे मोठे करू नकोस. वयाचं आहे म्हणाला. गोळी दिलीय, घेतो. चहाचा कप धरता येतो, पेपर धरता येतो. वस्तरा तेवढा ऐकत नाही.

लेक : आणि आम्हाला कुणाला पत्ता नाही! आईला तरी?

बाबा : तिला कसा असणार? मोतीबिंदूमुळे समोरचा माणूस तिला धुरातून आल्यासारखा दिसायचा. मी अर्धीमुर्धी दाढी उरकून बाहेर यायचो. ती गालावरून हात फिरवायची, 'छान झाली' म्हणायची. मी मनात म्हणायचो, सुटलो!

लेक : आणि आज तिच्या डोळ्याची पट्टी निघणार.

बाबा : निघाली असेल एव्हाना. तुझा दादा तिला जेवायच्या वेळेपर्यंत घेऊन येतोय. म्हणून तर तुला बोलावलं.

लेक : मग सलूनमध्ये जाऊ या की. कोपऱ्यावर तर आहे.

बाबा : आणि तिला काय सांगू? लग्नापासून घरीच वस्तरा चालवणारा माणूस नेमका आजच सलूनमध्ये कसा गेला? तिला तेवढंच पुरे. आल्या आल्या माझा हात धरून बसेल. ऐक, माझ्या आजारपणात तिने हे ऑपरेशन पुढे ढकललं. मी बरा झालो, तर तुझं बाळंतपण आलं. आता कुठे स्वतःसाठी काहीतरी केलंय तिने. दिसायला लागल्यावर पहिल्याच दिवशी तिला माझी काळजी दिसायला नको. उद्या सांगेन सगळं. आज नको.

लेक : ...बरं. काय करायचं, सांगा.

बाबा : बेकरीत रोज केकवर क्रीम फिरवतेस ना, त्या लांब पात्याने? तसंच.

लेक : केक ओरडत नाही, बाबा.

बाबा : मीही ओरडणार नाही.

लेक : तुम्ही? नखं काढताना सगळी बिल्डिंग गोळा करता!

बाबा : बरं, मग आधी फुग्यावर शीक. फुग्याला फेस लावायचा आणि फुगा न फोडता वस्तऱ्याने उतरवायचा. तुझ्या पोराच्या वाढदिवसाचे उरलेत, बघ त्या ड्रॉवरमध्ये. पण त्याच्याही आधी वस्तरा पट्ट्यावर फिरवून घे. दाराच्या कडीला अडकवलाय बघ चामड्याचा पट्टा.

लेक : असा?

बाबा : अगं थांब, थांब! धार पुढे करून ओढतेस? पट्टा कापशील माझा! पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलीस की पाठीवरच उलटा करायचा आणि परत यायचं. हं. आता जमतंय.

लेक : छान आवाज येतो. सपक, सपक.

बाबा : हा आवाज ऐकूनच तुझी आई चहा टाकायची... आता पुरे. घे तो फुगा. हातोडी धरल्यासारखा धरू नकोस! बोटं पात्याच्या मानेवर, करंगळी मागच्या त्या वाकड्या शेपटीवर. पातं जवळजवळ आडवं टेकव. पाठ थोडीशीच वर, खालून पेन्सिल सरकेल एवढी.

लेक : अशी... आणि मग हळूच... फुटला!

बाबा : कळलं. सगळा फेस माझ्या चष्म्यावर आलाय.

लेक : बाबा, सॉरी!

बाबा : अगं फुगाच होता. दुसरा घे. जोर लावू नकोस. वस्तऱ्याचं वजनच काम करतं, आपण फक्त वाट दाखवायची.

लेक : ...थांबा हं. बोलू नका... उतरला! बाबा, बघा ना, फुगा शाबूत आहे!

बाबा : शाबास! आता हा तिसरा फुगा घे, माझा गाल. बसतो मी.

लेक : हा कागद काढते, रक्त थांबलंय. आता गरम टॉवेल आधी. तेवढं माहीत आहे मला. केस मऊ पडतात.

बाबा : वा! गुरूची विद्या गुरूला! बरं, फेस लाव. आता दुसऱ्या हाताने गाल वर ताण. केस जिकडे वाढतात तिकडेच ओढायचं, वरून खाली. वाटेल ते झालं तरी आडवं सरकवायचं नाही. आडवा सरकला की तो कापतो.

लेक : डोळे मिटा. तुम्ही बघताय म्हणून मला घाम फुटतोय.

बाबा : मिटले.

लेक : घाबरलात?

बाबा : हो.

लेक : मीपण. श्वास तरी घ्या, बाबा!

बाबा : घेईन नंतर. तू चालू कर.

लेक : ...हं. गालावर जमतंय. पण जबड्याच्या वळणाला आले की मनगट वाकतं माझं. कोन चुकतो.

बाबा : अगं, मग माझी मान काय पिळतेस? डोकं आहे ते, बरणीचं झाकण नाही!

लेक : सवय हो! बेकरीत हात जागेवर असतो, केक फिरतो. खाली चकती असते ना फिरती. हात फिरवला तर क्रीमला लाटा येतात.

बाबा : काय म्हणालीस?

लेक : हात जागेवर, केक फिरतो.

बाबा : अगं वेडे, मग मी जन्मभर लेथवर काय केलं? हत्यार जागेवर, लोखंड फिरतं! तीस वर्षं टर्नर म्हणून राबलो आणि स्वतःच्या थोबाडासाठी हे सुचू नये? जा, तुझ्या दादाची कॉम्प्युटरची खुर्ची आण. चाकांची नको हं, पळेल. ती जुनी, नुसती फिरणारी.

लेक : आणली. बसा. आता मी 'थोडं' म्हटलं की पायाने थोडं फिरायचं.

बाबा : वस्तरा उचललास की मगच म्हण. हत्यार टेकलेलं असताना लेथ चालू करायचं नाही, पहिला धडा तोच.

लेक : ...थोडं. ...थोडं. ...अहो, तुम्ही फेरीच मारलीत! मागे या.

बाबा : मजा येते गं.

लेक : हसू नका, बाबा! गाल हलतो! ...थोडं. ...मान वर. ...कानाखाली राहिलंय. ...झालं. बघा आरशात.

बाबा : अरे वा! हा कोण तरणाताठा माणूस बसलाय?

लेक : हात लावून बघा. एक थेंब रक्त नाही.

बाबा : गाल लोण्यासारखा झालाय गं. माझ्या हातूनही कधी अशी दाढी झाली नव्हती. खरंच सांगतो, पोरी... खूप बरं वाटलं.

(दुपार. बेल वाजते. आई आत येते. दादा खाली गाडी लावतोय.)

आई : थांबा, कुणी बोलू नका. मला बघू द्या आधी... भिंत पिवळी होती होय? मी पांढरीच समजत होते. आणि त्या पंख्यावर केवढी धूळ ती!

बाबा : मी दिसतोय का, ते सांग.

आई : दिसताय ना. म्हातारे झालात.

बाबा : एवढंच?

आई : उजेडात या. हं... छान दिसताय. गाल बघू. दाढी कुणी केली?

बाबा : मीच! मीच केली. रोज करतो तशीच. दुसरं कोण करणार?

आई : एकदा विचारलं तर चारदा सांगताय. चोराच्या मनात चांदणं! रोजच्या दाढीत डाव्या कानाखाली खुंटांचा एक पट्टा राहायचा. आज नाहीये.

लेक : आई, तुला कसं...

आई : हात कशाला फिरवत होते मग? आणि पट्ट्यावरचा आवाज. पूर्वी एका लयीत यायचा. गेलं वर्षभर अडखळत येतो. डोळे अधू होते माझे, कान नाही.

बाबा : म्हणजे हाताचं तुला... मग 'छान झाली' का म्हणायचीस?

आई : एवढा वेळ खपून, चेहरा हसरा ठेवून बाहेर यायचात. दुसरं काय म्हणणार होते? सांगून तरी काय केलं असतं? मला दिसत होतं थोडंच, की वस्तरा हातात घेईन? म्हणून तर ऑपरेशनला हो म्हटलं.

बाबा : माझ्या दाढीसाठी?

आई : मग काय, पंख्यावरची धूळ बघायला?

लेक : बाबा, डोळे पुसा. फेस नाहीये आता, सगळं दिसतंय तिला.

आई : पुसू दे त्यांना सावकाश. तू मला सांग, कसा धरायचा तो वस्तरा?

लेक : लगेच नाही हं! डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हटलंय ना? तुझा डोळा नीट बरा होईपर्यंत मी येत जाईन सकाळी, बेकरीत जाताना.

आई : बरं, तोवर तू कर. आणि जमिनीवर ह्या रबराच्या चिंध्या कसल्या पडल्यात?

लेक : फुगा फुटला, आई. शिकताना आधी फुग्यावर करायचं असतं.

आई : हो का? मग उरलेले संपवू नकोस. मला लागतील.