परवलीचा शब्द

पोस्टाच्या रांगेत माझ्या मागे दोन बायका बोलत होत्या.

“परीक्षा काय, जादा तास काय! शाळा रोज वेगळ्या वेळी सुटते. जिवाला नुसता घोर.”

“मग लेकीला आणतं कोण?”

“ज्याला जमेल तो. पण तिला बजावलंय, परवलीचा शब्द सांगेल त्याच्याबरोबरच यायचं.”

“आणि काकाच आला तर?”

“काका असो नाहीतर मामा! शब्द नाही, तर फाटकातून हलायचं नाही.”

“हुशार आहेस बाई! काय ठेवलायस शब्द?”

“निळं कासव. तिनंच ठरवलाय.”

“ही बघ, समोर घंटा झाली. सुटली वाटतं शाळा.”

“थांबेल गं ती. एवढं पार्सल टाकते नि पळते.”

माझ्या पुढच्या माणसाचा नंबर आला होता. पाकीट तसंच हातात घेऊन तो रांगेतून बाहेर पडला.