कोरडी काठी

— तिथे उन्हात कशाला उभे राहता, आत या. पोत्यावर बसा. मैदान आखायच्या फक्कीचं पोतं आहे, पांढरं लागेल थोडं, झटकलं की जातं. शिंपी आहात म्हणालात ना? गळ्यात टेप तशीच राहिलीय तुमच्या. हातातलं काम टाकून धावत आलेले दिसता. बरोबरच आहे. नावं पाठवायचा आज शेवटचा दिवस, बापाला कुठला धीर. इथून सगळं मैदान दिसतं. ती बघा तुमची लेक, चौथ्या पट्ट्यात, मांडीला चिकटपट्टी बांधलेली. आणि पलीकडे गळ्यात घड्याळ अडकवून उभी आहे ना — ती माझी भाची.

हो, सख्खी. बहीण गेली तेव्हा आठ वर्षांची होती, ह्या खोलीत वाढली. मी मैदान आखायचो आणि ही माझ्या ताज्या रेघांवरून उड्या मारत जायची. एकदाही रेघेवर पाय पडला नाही. भिंगरी म्हणायचो मी तिला. अजून म्हणतो, पण चारचौघांत नाही. चारचौघांत ती ताई. देशाकडून धावलेली ताई, पोरींची कोच. तिला ओरडताना ऐकलंय कधी तुम्ही? नाही ना. ओरडतच नाही ती. फक्त ‘पुन्हा’ म्हणते. हळू, पानात वाढताना विचारावं तसं — आणखी थोडं घे की. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणारं माणूस दमतं तरी.

कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर आकडा आहे, पाहिलात? शंभर मीटर, अकरा पूर्णांक चार सेकंद. तिचा आकडा. एकवीस वर्षं झाली. ह्याच मातीवर धावली होती ती. तो आकडा आल्याशिवाय ती कुठल्याच पोरीचं नाव मोठ्या स्पर्धेला पाठवत नाही. तुम्हाला वाटलं असेल, सगळीकडे असंच असतं. नसतं हो. टपालवाल्याची मुलगी त्या आकड्यामागे लागली आणि मांडीची शीर तुटली, आता जिना धरून चढते. दुसरीने जेवणच टाकलं, हलकी झाले की वेग येईल म्हणून. तिसरी — तिचं नको. तिची आई अजून येते कधी कधी, त्या कुंपणाला धरून उभी राहते. मी पाणी नेऊन देतो, ते पीत नाही.

बसा हो, बसा. अजून धावायची आहे ती. काल तीन वेळा धावली, तिसऱ्यांदा लंगडत परत आली, तुम्हाला सांगितलं नसेल. पोरी घरी सांगत नाहीत.

मी आपला मैदान आखणारा माणूस, चौथीपर्यंत शिकलेला, मी का बोलतोय? तुमच्या गळ्यातल्या टेपमुळे. तुमची पण टोकाला झिजली असेल ना? पहिला इंच जातोच. मग तुम्ही एकपासून धरता, आणि शेवटी लक्षात ठेवता की बाबा, एक जास्त घ्यायचा. माझी ती खिळ्यावर आहे बघा, शंभर मीटरची. कडी तुटली, मग पुढचं कापड फाटलं, पहिला मीटर गेला. नवी मिळेना. मी एकपासून धरायचो, आणि शंभरच्या खुणेपुढे ही काठी ठेवायचो. बरोबर एक मीटरची आहे, मीच तासलेली. काठीच्या पुढच्या टोकाला शेवटची रेघ. काठीच्या टोकाला फक्की लागायचीच. रोज लागायची, रोज पुसून ठेवायचो.

त्या दिवशी सकाळी मी शंभरच्या खुणेशी वाकलो होतो, आणि भिंगरी अनवाणी आली, बूट हातात. ‘मामा, बुटाचा खिळा हलतोय.’ शर्यतीला तासभर होता. मी उठलो, तिला इथे आणलं, हातातली काठी टेकवली, खिळा आवळला, तिच्या पायात बूट चढवला, नाडी बांधली — बांधून घ्यायची ती, वीस वर्षांची घोडी झाली तरी. मग जाऊन रेघ मारली. पंचांनी विचारलं, बरोबर आहे ना? म्हटलं, बरोबर. एवढी वर्षं मैदान आखतोय, कोण मोजून बघणार?

संध्याकाळी टेप गुंडाळून आत आलो. काठी कोपऱ्यात होती. कोरडी. फक्कीचा कणही नव्हता. म्हणजे रेघ एक मीटर अलीकडे पडली होती.

बाहेर लोकांनी तिला खांद्यावर घेतलं होतं. देशात सगळ्यात वेगवान, असं ओरडत होते. तिने वरून मला हात केला. तुम्ही सांगितलं असतं? — मी नाही सांगितलं.

पुढे काय, तो आकडा तिला पुन्हा कधी आलाच नाही. परदेशात सातवी आली. लोक म्हणाले, तेव्हा काहीतरी औषध घेतलं असेल. स्वतःच्याच आकड्यामागे धावून धावून पाय गेला, मग दुसऱ्यांचे पाय हातात घेतले. एकदा जेवताना म्हणाली, ‘मामा, माझी नेहमी पन्नास पावलं पडतात. त्या दिवशी पन्नासावं पाऊल टेकायच्या आत दोरी छातीला लागली.’ मी म्हटलं, जेव. ती माझ्याकडे बघत राहिली. मी भाताकडे.

थांबा — उभी राहिली तुमची पोर. गेली! ... बघा, पाय ओढत नाहीये... गेली, रेघेवरून गेली. काय झालं? बाकीच्या पोरी ओरडताहेत. आला वाटतं. आला. अकरा-चार.

रडू नका हो. आणि हात जोडू नका, माझ्यासमोर तर नकोच. ऐका आधी. आज सकाळी मी काठी नेली नाही. मुद्दाम नेली नाही. म्हटलं, एकदा आकडा येऊ दे, पोर सुटेल ह्यातून, पाय घेऊन घरी जाईल. मोठ्या मैदानावर हरली तर हरली. चुकलं असेल माझं. तुमच्या पोरीच्या गळ्यात तोच धोंडा बांधला का मी? — बांधला असेन. तेवढं डोकं चाललं नाही. एका पोरीचा विचार केला, दुसरीचा केलाच नाही.

कारण भिंगरी घड्याळ बघत नाहीये. बघा ना, सगळ्या पोरी नाचताहेत आणि ती शेवटच्या रेघेपाशी खाली बसलीय. ती पावलं मोजते हो. प्रत्येकीची मोजते, ओठ हलतात तिचे. फक्कीवरून बोट फिरवतेय. आता उठली.

इकडेच येतेय.

टेप मागायला येतेय. एकवीस वर्षांत तिने कधी खिळ्यावरच्या टेपला हात लावला नाही. मला वाटायचं, तिच्या लक्षात आलं नसेल.

तुम्ही जा. मागच्या बाजूने जा, लेकीला घ्या आणि घरी न्या. कुणी विचारलं तरी आज पुन्हा धावू देऊ नका. काठीला हात लावू नका, राहू दे तिथेच, तिला दिसेल अशी. आणि दार ओढून घेऊ नका.

— ये गं. ये, बस. बूट काढ.