मागच्या खिडकीपासून सात फूट

प्रेमला : ही चुन्याची लाइन आहे का चालत्या बैलानं मुतलेली? काहून एवढी वाकडी मारून राहिला रे?

मनराखन : वाकडी नाही दीदी, गोल आहे. भाभीजींना फुलांची क्यारी गोल पाहिजे.

विनोदिनी : हो, मीच सांगितलं. मासिकात पाहिली होती. ताई, तुम्ही जरा सावलीत बसा. आठ वाजायचेत आणि डोकं तापलं.

प्रेमला : बसाले आली काय मी? तीस वर्षं ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या जुन्या घराच्या गच्चीवर कुंड्या उकरून नखं झिजली माझी. आता कुठं जमीन भेटली आपल्याले... म्हणजे तुम्हाले. तुमची जमीन.

(नया रायपूरच्या एका सेक्टरातलं नवं घर. मे महिना. मागच्या उघड्या अंगणात घरमालकीण विनोदिनी, तिची थोरली नणंद प्रेमला आणि अभनपूरच्या नर्सरीचा मनराखन. विनोदिनीचे यजमान गंगाधर पाण्याच्या टँकरवाल्याला रस्ता दाखवायला फाट्यावर गेलेत.)

विनोदिनी : मनराखन, तुम्ही मराठी मात्र छान बोलता हो.

प्रेमला : बोलंल नाही तर! पाऱ्यातल्या पाच मराठी घरांचे गुलाब यानंच छाटले. माझ्या शिव्या खाऊन शिकला तो.

मनराखन : हव. पहिले शिव्या शिकलो, बाकी मराठी नंतर. आता काम सांगतो, ऐका. ही माती नाही, भाठा आहे. नुसता मुरूम. फावडं नाही चालत, सब्बल मारा लागते, तुमची पहार.

विनोदिनी : मग झाडं लागणार कशी?

मनराखन : तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. एवढा खड्डा. मुरूम बाहेर, काळी कन्हार माती आत. दोन ट्रॅक्टर कन्हार गावाहून आणतो. त्यात शेणखत अन् नीमखली, म्हंजे निंबोळीची पेंड. पन आज फक्त खड्डे. पंधरा दिवस उघडे ठेवू.

विनोदिनी : पंधरा दिवस? मला तर आजच काहीतरी हिरवं बघायचं होतं. रात्री झोप नाही लागली मला, सारखं अंगणच दिसत होतं.

प्रेमला : ऊन खाऊ दे खड्ड्याले. आतले किडे मरतात. तुले सारं मासिकातल्यासारखं आयतं पाहिजे.

विनोदिनी : बरं. मग इथे मधे लॉन.

प्रेमला : लॉन कशाले? गाय पाळून राहिली काय?

विनोदिनी : ताई, संध्याकाळी खुर्च्या टाकून बसता येतं.

प्रेमला : गवतावर बसून काय पाहाल? गवतच? तिथं लिंबू लाव. सीताफळ लाव. मुनगा, तुमचा शेवगा, तर पाहिजेच, तिसऱ्या वर्षी शेंगांनी लदून जाते. कढीपत्ता स्वयंपाकघराच्या दारात, फोडणी टाकली की हात बाहेर काढून तोडता आला पाहिजे. अन् मोगरा! मनराखन, मोगरा किती रे आणशील?

मनराखन : किती आणू?

प्रेमला : बारा. नाही, वीस आण!

विनोदिनी : वीस! गजऱ्यांचं दुकान टाकायचंय का?

प्रेमला : टाकू! गोल बाजारात बसतो आपण दोघी!

मनराखन : दीदी आज लहान पोट्टीसारख्या करून राहिल्या.

प्रेमला : तू खड्डा मोज.

मनराखन : मोजतो. आता मोठं झाड. आंबा कुठं?

विनोदिनी : इथे, मागच्या खिडकीपाशी. सावली पडेल.

मनराखन : टेप धरा. खिडकीपासून... सात फूट. जवळ होते भाभीजी. आंब्यावर माटा येते. लाल मुंग्या. पानाचं घर बांधते अन् फांदीवरून सरळ खिडकीत. झोपल्या माणसाले फोडून काढते. स्टोअर असंल तर चालते. कोनी झोपत असंल तर नाही. ही खोली कोनाची?

विनोदिनी : ती मागची खोली आहे.

मनराखन : हव, मागची आहे हे तर दिसते. राहनार कोन?

प्रेमला : पाव्हण्यांची असंल.

विनोदिनी : पाहुण्यांची नाही.

प्रेमला : मग सामानाची.

विनोदिनी : सामानाच्या खोलीला कोणी बाथरूम जोडून घेतं? आणि उंबरा काढून टाकतं? त्या उंबऱ्यासाठी गवंड्याशी दोन दिवस भांडले मी. म्हटलं, कोणाचा पाय अडखळायला नको.

प्रेमला : आजकालची घरं. कायबी करतात.

मनराखन : अन् जुनं घर सोडल्यावर दीदींच्या गच्चीवरच्या कुंड्या? चाळीस तरी असतील. त्या कुठं मांडू?

प्रेमला : त्या शेजारच्या कलावतीले देऊन देते. शेखरचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. चार कुंड्या मावल्या तर मावल्या.

विनोदिनी : तुम्ही शेखरला हो म्हणालात?

प्रेमला : हो नाही, नाही बी नाही. माझ्या दुसऱ्या भावाचा, दिवाकरचा पोट्टा चांगला आहे. बिलासपूरहून दर रविवारी फोन करून राहिला, आत्या कधी येते, आत्या कधी येते. विचारते तरी बिचारा.

विनोदिनी : ताई, घरच्या माणसाला कोणी विचारतं का? ह्यांना मी अक्षय्यतृतीयेच्या आधीच म्हटलं होतं, बोला एकदा. तर म्हणाले, सख्ख्या थोरल्या बहिणीला 'येतेस का' म्हणायचं म्हणजे तिला पाहुणी करून टाकायचं.

प्रेमला : तो लहानपणापासून असाच आहे. आगगाडी-आगगाडी खेळतानी स्टेशनात गाडी येऊन उभी राहिली तरी शिटी वाजवत नव्हता.

विनोदिनी : मनराखन, तुम्हीच सांगा. तुम्ही नवं घर बांधलं तेव्हा आईला विचारलं होतं का?

मनराखन : नव्हतं विचारलं. वाटलं, दाई, म्हंजे आई, तर येनारच. सारं सामान नेलं, चूल बी पेटवली. दाई गाठोडं घेऊन दारात बसून राहिली. संध्याकाळपर्यंत बसली. बायको म्हने, आत काहून येत नाही? तर म्हने, मले कोनी बोलावलं?

विनोदिनी : मग?

मनराखन : मग काय, पाय धरले. आता चुना कुठं मारू ते सांगा, घामानं हातात त्याचा गोळा होऊन राहिला. आंबा कुठं टाकू?

विनोदिनी : ताईंना विचारा.

प्रेमला : मले काहून?

विनोदिनी : झाडांतलं तुम्हाला कळतं.

प्रेमला : मग तिकडं टाक, पार कंपाउंडाच्या कोपऱ्यात. इथं सात फुटावर पारिजात लाव. त्याले माटा लागत नाही.

विनोदिनी : पण मला सावली इथेच हवी होती. मुंग्या आल्या तर आल्या. खिडकीला जाळी लावू.

प्रेमला : जाळीतून बी येतात त्या. नको.

विनोदिनी : चावून चावून चावतील कोणाला, ताई?

प्रेमला : मनराखन, टेप गुंडाळ तू.

विनोदिनी : सांगा ना. कोणाला?

प्रेमला : मले, विनू. मले इथंच राहायचं आहे.