बोट बंद होती तवा

— तसं न्हवं पावणं, लाथ मारायची खोड न्हाई ह्या म्हशीला. अनोळखी माणसाला बुजती, एवढंच. या, सोप्यात बसा, तिकडं झड लागतीया. मुरगूडपास्नं भिजत आलासा, च्या तरी घ्या. मालक? मालक आजऱ्याला गेल्यात, साखरपुडा हाय पावण्यांच्यात. सांजच्याला येतील. म्हणून तर तुमास्नी सकाळी बोलीवलं. — व्हय, त्यास्नी ठावं हाय की. म्हंजे... हाय म्हणा. दोन्ही न्या. ही मोना, लेकीनं, पूर्णिमानं ठेवलेलं नाव, आन् ती पलीकडची तिचीच रेडी, आता व्यालेली. दुधाला कमी न्हाई, आजार न्हाई. मग का विकतीया बाई, असं तुमास्नी वाटणारच. वाटू दे.

अंदमानला गेलतो आमी, गेल्या म्हयन्यात. हसू नका. पूर्णिमा पुण्यात नोकरीला हाय, तिनं आन् जावयानं आमा दोघांची तिकिटं काढली — पावसाळ्यात कोण जात न्हाई, म्हणून सवस्तात मिळाली म्हणं. आमचं मालक येतच न्हवतं. म्हशी कोण बगणार, म्हणून अडून बसलेलं. शेवटाला पुतण्या ऱ्हायला, विश्वजित, मग निघाले. इमानात सुदीक हेच — वैरण ओली घालंल का त्यो? मोठ्या बंदरावरनं बोटीनं एका बारक्या बेटावर गेलो. दोन दिसांत परत यायचं. आन् रातीत असं वादळ सुटलं पावणं, आपल्या हितला पाऊस कायच न्हाई — नारळीची झाडं पार वाकल्याली, समुद्र चुन्यावानी पांढरा. बोटी बंद. फोनला रेंज न्हाई.

मालकांची नुसती तगमग. उठसूट धक्क्यावर जायाचं, भिजायचं, दिसंल त्या माणसाला मोडक्या हिंदीत इचारायचं, बोट कब छोडते? पहाटं चारला जाग यायची आन् हाताला काम न्हाई. लॉजच्या व्हरांड्यात फेऱ्या मारायचे. आन् मी? मी झोपले. खोटं कशाला सांगू, मी नुसती झोपले. लगीन झाल्यापास्नं उजाडल्यावर उठल्याली मला आठवत न्हाई. एक दिस डोळं उघडलं तर हे समोर उभं, हातात च्याचा गलास. लॉजच्या भटारखान्यात जाऊन सोताच्या हातानं केल्याला. म्हणाले, "बया, तू साखर किती घेतीस, ठावं न्हवतं मला. बग." दूध फाटलं हुतं त्यात. मी सगळा प्याले.

मग बसलो दोघं पाऊस बगत. दुसरं करणार काय? म्हणाले, "तुजी बोटं अशी का गं, वाकडी?" म्हटलं, धारा काढून. मूठ सरळ हुत न्हाई आता. "कवापास्नं?" म्हटलं, झाली की दोन-तीन वरसं. तर माजा हात असा मांडीवर घिऊन एक-एक बोट — जाऊ दे. काय सांगत बसले मी तुमाला. परक्या माणसाला. च्या घ्या, निवतोय.

— न्हाई, गाडीचा आवाज वाटला. ऊस कारखान्याचा ट्रक असंल. ह्या दिसांत कसला ऊस म्हणा. बसा, बसा.

बोट सुरू झाली तसं आमच्या मालकांनी दोन्ही पिशव्या उचलल्या, पळत सुटले, म्हागं बगितलं न्हाई. बावड्यात घरी आलो, रात झाली. पहाटं चारला हाक — "उठ की, धारंचा वखत झाला." तसंच, पयल्यावानी. वाटलं हुतं, म्हणतील, तू पड, मी काढतो. येकदा तरी. तसं कायी म्हणाले न्हाईत. बोटांचं नाव न्हाई त्या दिसापास्नं. माणूस वाईट न्हवं हो. कवा हात उगारला न्हाई, कवा कायी कमी केलं न्हाई. पर मला आता झोपच लागत न्हाई. दोनलाच डोळं उघडत्यात, आन् वाटतं, ह्या म्हशी न्हवत्या तवाच ह्यास्नी मी दिसले. म्हंजे म्हशी गेल्या तर —

न्हाई, ठावं न्हाई त्यास्नी. तुमी वळखलंच असणार. ते यायच्या आदी दावणीवरनं सोडून न्यावं, असंच मनात हुतं. गोठा मोकळा बगून काय म्हणतील, त्ये मी किती दिस घोकतीया. ओरडतील. मग दोन दिस बोलणार न्हाईत. मग च्या... कुटला आलाय च्या. गोठा रिकामा झाला की तोंड फिरवून बसतील, मला बगायचे न्हाईत ते.

— आली की. त्यांचीच गाडी हाय, ह्यो आवाज मला कळतो. पावसामुळं लवकर निघालं असतील. उठा पावणं. न्हाई, दाव्याला हात लावू नका, ऱ्हाऊ द्या. आज म्हशी जायच्या न्हाईत. तुमची फुकट खेप झाली, माप करा. मागच्या दारानं जावा तुमी, परड्यातनं — न्हाई, थांबा. म्होरनंच जावा. त्यांच्या समोरनंच जावा. त्यांनी इचारलं कोण, कशाला आलतासा, तर सांगा, बयाबाईनं बोलीवलंतं, बाकीचं तीच सांगंल. जावा आता.