परांची उतरायच्या आत

विक्रांत : पुरावाच नाही बाबा आपल्याकडे. सॉलिसिटरबाई आज दोन तास ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, तुमचं म्हणणं मला पटतं, पण दाखवणार काय?

गुरुनाथ : दाखवणार काय म्हणजे? छत गळत होतं. पाच आठवडे जिन्याच्या वर बादली ठेवलेली होती. त्या बादलीपाशी तुझी आई घसरली आणि खुबा मोडला. आणखी काय दाखवायचं असतं?

विक्रांत : गळत होतं हे दाखवता येतं, बादलीचे फोटो आहेत. पण डॅरेन म्हणतो, गळती जुनीच होती. त्याने नवीन छप्पर घातलं त्याच्याही आधीची. चूक त्याच्या कामात होती हे दाखवायचं, तर वर चढून बघायला हवं. आणि वर आता बघण्यासारखं काही उरलेलंच नाही.

गुरुनाथ : कसं उरेल? पाच मंगळवार बोलावलं तेव्हा फिरकला नाही. आई पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र सकाळी आठला शिडी लावून हजर.

विक्रांत : मीच शहाणा. इमर्जन्सीच्या दारातून त्याला फोन केला आणि वाट्टेल ते बोललो. म्हणजे मीच सावध केलं ना त्याला. आपण सगळे हॉस्पिटलमध्ये, घराला कुलूप. शेजारची ब्रीज सांगत होती, युवर मॅन चाळीस मिनिटं वर होता. खाली उतरून तिला म्हणाला, ऑल ग्रँड नाऊ.

गुरुनाथ : चाळीस मिनिटांचंच काम होतं ते.

विक्रांत : आणि त्यात आईची वेगळीच टेप. नर्सला सांगितलं, मोजे घालून चालत होते म्हणून घसरले. फिजिओला तेच. सर्जनला तेच. लेखी नोंद झालीय बाबा. पेशंट स्टेट्स शी स्लिप्ड इन हर सॉक्स. डॅरेनच्या वकिलाला आणखी काय हवं?

गुरुनाथ : ती म्हणते तशी.

विक्रांत : का पण? जमीन ओली होती. बादली काठोकाठ भरलेली होती. रेवती हॉस्पिटलच्या ड्यूटीला निघायच्या आत ती ओतून ठेवायची म्हणून आई सहाला उठायची रोज. मी दहा वेळा सांगितलं होतं, हात लावू नको, मी बघतो.

गुरुनाथ : तू सातला उठतोस.

विक्रांत : बाबा.

गुरुनाथ : नाही, तुला बोल लावत नाही. तुला ऑफिसला पार स्वोर्ड्सपर्यंत गाडी हाणायची असते. मी आपलं सांगतो.

विक्रांत : मला त्याच्याकडून काही वसूल करायचं नाही. त्याने फक्त लिहून द्यावं की चूक माझी होती. आई आता वॉकरशिवाय चालणार नाही. रेवतीने काल सांगितलं, सून म्हणून नाही, डॉक्टर म्हणून सांगितलं. मिरजेच्या घराचे तीन मजले ती पुन्हा चढणार नाही. आणि तो माणूस कुठेतरी दुसऱ्याच्या छपरावर बसून चहा पितोय. मला झोप लागत नाही बाबा.

गुरुनाथ : माहीत आहे. चहा टाकू का?

विक्रांत : नको. तुम्ही मघाशी काय म्हणालात? चाळीस मिनिटांचंच काम होतं. तुम्हाला काय माहीत?

गुरुनाथ : बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात होतो. तिथे काय गवत उपटत होतो?

विक्रांत : म्हणजे चूक काय होती ते तुम्हाला माहीत होतं?

गुरुनाथ : धुराडं छपरातून जिथे वर येतं ना, तो सांधा. तिथे शिशाचा पत्रा बसवतात. विटेत खाच मारायची, पत्र्याची कड आत दुमडायची आणि वरनं सिमेंटचा माल भरायचा. मग पाऊस कसाही आला तरी आत येत नाही. यानं खाचच मारली नाही. पत्रा विटेला नुसता टेकवला आणि वरनं सिलिकॉन फासलं. पाकिटाला तिकीट चिकटवावं तसं. दोन पाऊस झाले, सुटलं.

विक्रांत : हे तुम्हाला कधी कळलं?

गुरुनाथ : तो करत होता तेव्हा.

विक्रांत : कुठून दिसलं? वर गेला होतात पुन्हा?

गुरुनाथ : नाही रे. वर एकदाच गेलो, पहिल्या दिवशी. तेव्हा त्यानं तुला ऑफिसात फोन लावला, म्हातारा परांचीवर चढतो म्हणून. तू त्या फोनवरच मला म्हणालास, बाबा, हे मिरज नाही, इथे मध्ये मध्ये करायचं नसतं. त्यानं स्पीकर लावला होता. त्याच्या दोन माणसांना मराठी येत नव्हतं, पण हसली ती. त्याच्यानंतर नाही गेलो. बागेच्या कोपऱ्यात उभा राहून बघायचो.

विक्रांत : इन्शुरन्सचा प्रश्न होता बाबा. तुम्ही पडला असतात तर?

गुरुनाथ : बरोबर होतं तुझं.

विक्रांत : बरं, मग ऐका. तुम्ही बघितलंत, तुम्ही इंजिनियरिंगचा डिप्लोमा केलेले. तुमचं स्टेटमेंट लिहून घेता येईल. नुसतं तोंडी आहे, पण काहीतरी आहे.

गुरुनाथ : नुसतं तोंडी नाही.

विक्रांत : म्हणजे?

गुरुनाथ : फोटो आहेत.

विक्रांत : कसले?

गुरुनाथ : त्या सांध्याचे. बागेतनं मोठे करून काढले होते. चार का पाच आहेत.

विक्रांत : कुठे आहेत? द्या फोन. द्या इकडे. हे बघा, हे... बाबा, यात सगळं दिसतंय. सिलिकॉनचा पांढरा पट्टा दिसतोय. डॅरेन दिसतोय, हातात ती सिलिकॉनची गन. तारीख, वेळ. सप्टेंबर सव्वीस, सकाळी अकरा वीस. याच्यावर तो एक शब्द बोलू शकणार नाही.

गुरुनाथ : नसेल बोलू शकत.

विक्रांत : सोनं आहे हे. आणि तुम्ही दोन महिने हे फोनमध्ये घेऊन बसलात?

गुरुनाथ : हं.

विक्रांत : एका घरात राहतो आपण. रोज समोरासमोर जेवतो. आई पडायच्या आधी महिनाभर मी त्या डॅरेनच्या मागे धावतोय, तो म्हणतोय पावसात काही कळत नाही, बघायला लागेल. आणि तुम्हाला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. एक शब्द नाही बोललात तुम्ही मला?

गुरुनाथ : चुकलं माझं.

विक्रांत : चुकलं काय बाबा? तेव्हा परांची उभी होती. माणसं वर होती. मी एक फोन केला असता, तर त्याने तिथल्या तिथे करून दिलं असतं. आई आज चालत असती. कळतंय का तुम्हाला? मी एकदा ओरडलो म्हणून तुम्ही रुसलात. रुसून गप्प बसलात आणि आईचा पाय गेला.

गुरुनाथ : असेल तसं.

विक्रांत : असेल तसं नाही, आहे तसं. जाऊ दे. मला पाठवा ते सगळे. मी लगेच सॉलिसिटरला पुढे पाठवतो.

गुरुनाथ : ते वायरने घे की तुझ्या लॅपटॉपवर.

विक्रांत : वायर कशाला? व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, दोन सेकंदांचं काम.

गुरुनाथ : नको. वायरनंच घे. व्हॉट्सअ‍ॅपवर ते अंधुक होतात.

विक्रांत : अंधुक वगैरे काही होत नाहीत. थांबा, मीच टाकतो तुमच्या फोनवरून. माझं नाव कुठे... हे काय?

गुरुनाथ : विक्रांत, फोन दे इकडे.

विक्रांत : हे पाठवलेत तुम्ही मला.

गुरुनाथ : असू दे. दे इकडे.

विक्रांत : सव्वीस सप्टेंबर. अकरा पस्तीस. चार फोटो. आणि हा पाचवा. हे काय आहे?

गुरुनाथ : खोक्याचा पुठ्ठा आहे. कॉर्नफ्लेक्सचा. कागद सापडला नाही, म्हणून त्याच्यावर चित्र काढलं होतं. खाच कशी मारायची, किती खोल. त्याला इंग्रजीत दाखवता यावं म्हणून आकडे टाकले.

विक्रांत : खाली लिहिलंय. “चि. विक्रांत यास आशीर्वाद. सोबत फोटो व रेखाचित्र जोडत आहे. धुराड्याचा सांधा चुकीचा होत आहे असे वाटते. मी कोणाशी काही बोललो नाही. वेळ होईल तेव्हा पाहणे. परांची उतरायच्या आत त्यांना सांगितलेस तर बरे. कळावे. बाबा.”

गुरुनाथ : झालं वाचून?

विक्रांत : मला... माझ्या फोनवर हे... थांबा.

गुरुनाथ : नसेल दिसत. तू माझं नाव बाजूला टाकलं आहेस. रेवती मागच्या आठवड्यात मला फोन शिकवत होती, तेव्हा कळलं. रोज शुभ सकाळची फुलं पाठवतो मी, त्याचा त्रास होत असणार. मीटिंगमध्ये टुणटुण वाजतं.

विक्रांत : अर्काइव्ह केलं होतं. म्हटलं, आता इथे घरातच आहात, मेसेज कशाला बघायचे.

गुरुनाथ : बरोबर आहे की. मी तरी घरातल्या घरात पत्र कशाला पाठवावं?

विक्रांत : संध्याकाळी का नाही बोललात मग? मी आलो तेव्हा?

गुरुनाथ : दोन टिका आल्या होत्या. मला वाटलं, पोचलं म्हणजे वाचलं. तू आलास, जेवलास, काही बोलला नाहीस. म्हटलं, बघितलं असेल, त्याच्याशी बोलला असेल, इथली पद्धत वेगळी असेल. पुन्हा काढलं असतं तर म्हणाला असतास, बाबा मध्ये मध्ये. तीन दिवसांनी परांची उतरली. मी म्हटलं, झालं असणार काम नीट.

विक्रांत : आणि गळायला लागलं तेव्हा?

गुरुनाथ : तेव्हा वाटलं, याला माहीतच आहे. आपण म्हटलं होतं असं उकरून काढायचं, म्हणजे तुला खाली बघायला लावायचं. रेवतीच्या समोर तर नाहीच.

विक्रांत : आणि आता मी तुम्हाला म्हणालो, रुसलात म्हणून.

गुरुनाथ : म्हणालास तर म्हणालास. त्यानं काय मला भोक पडलं?

विक्रांत : तुम्हाला मागच्या आठवड्यात कळलं, मी वाचलंच नव्हतं. तरी हे फोटो दाखवले नाहीत. मी पुरावा पुरावा म्हणून भिंतीवर डोकं आपटत होतो, तरी?

गुरुनाथ : दाखवले असते, तर हे पण दिसलं असतं. आज तू म्हणालास, झोप लागत नाही. म्हणून बोललो. वायरनं घेतले असतेस, तर काही कळलं नसतं तुला.

विक्रांत : सॉलिसिटरबाई पहिला प्रश्न हाच विचारतील. हे तुम्हाला कधी कळलं, आणि कळल्यावर तुम्ही काय केलंत?

गुरुनाथ : मग हे पुसून टाक. तुझ्या फोनातनं, माझ्या फोनातनं. सांग तिला, म्हाताऱ्यानं फोटो काढले आणि विसरला. बहात्तर वर्षांचा माणूस विसरतोच. इथे मला कोण ओळखतं? माझी कुठे बढती अडली आहे?

विक्रांत : म्हणजे आई तुमच्यामुळे पडली असं लिहून द्यायचं.

गुरुनाथ : डॅरेनमुळे पडली. आपल्यात कुणाचं तरी नाव मध्ये घालावंच लागत असेल, तर माझं घाल. एवढं सोपं आहे ते.

विक्रांत : ह्या पुठ्ठ्याच्या फोटोत हात कुणाचा आहे? पुठ्ठा धरलाय तो?

गुरुनाथ : कुठे?

विक्रांत : हा. अंगठा दिसतोय. हिरवी बांगडी.

(विक्रांतचा फोन वाजतो. पडद्यावर रेवतीचं नाव. तो स्पीकर लावतो.)

विक्रांत : हॅलो. हो, निघतोच आहोत दोघं. काय झालं?

रेवती : काही नाही, माझी ड्यूटी संपली, आईंच्या वॉर्डमध्ये आलेय. त्यांना तुझ्याशी बोलायचंय. जास्त बोलायला लावू नकोस, आज पहिल्यांदा उभं केलं होतं, दमल्यात. घ्या आई.

सुहासिनी : विक्रांत, निघताना माझी जपाची माळ आण रे. हॉट प्रेसच्या कपाटात, गरम पाण्याच्या टाकीपाशी, टॉवेलांच्या वर ठेवली आहे. आणि ती बादली बघून घे. भरली असेल.

विक्रांत : बादली काढली आई. आता गळत नाही.

सुहासिनी : आला होता होय तो? बरं झालं. त्याला उगं काही बोलू नकोस. त्याचा काय दोष? मीच मोजे घालून गेले.

विक्रांत : आई, तू मोज्यांमुळे पडली नाहीस.

सुहासिनी : तूच म्हणालास की अँब्युलन्समध्ये. मोजे घालून कशाला फिरतेस, बादलीला हात कशाला लावलास.

विक्रांत : मी चुकीचं बोललो. ऐक. बाबांनी मला सांगितलं होतं. काम चालू होतं तेव्हाच. फोटो पाठवले होते, चित्र काढून पाठवलं होतं. मी उघडून बघितलंच नाही. आता ते सगळं मी सॉलिसिटरला देतोय. त्यांच्या मेसेजसकट. काही पुसणार नाही. तू पण आता नर्सला ते मोज्यांचं सांगू नको.

सुहासिनी : हे आहेत का तिथे?

गुरुनाथ : आहे. ऐकतोय.

सुहासिनी : तुम्ही सांगितलंत होय त्याला? ठरलं होतं ना आपलं?

गुरुनाथ : मी नाही सांगितलं. त्यानं वाचलं.

विक्रांत : तुला माहीत होतं आई?

सुहासिनी : चित्राला पुठ्ठा मीच धरला होता रे. ऊन फार होतं त्या दिवशी, चमकत होता तो, म्हणून आडवा धरला. मग रात्री हे दोनदा उठून फोन बघत होते, तुझं उत्तर आलं का म्हणून.

विक्रांत : मग इतके दिवस सगळ्यांना तू मोजे मोजे का सांगत होतीस?

सुहासिनी : लोक विचारतात ना, कशानं पडलात. कुणाचं तरी नाव सांगावं लागतं. मग माझं सांगितलं.