मेंढ्या उन्हात काय करतात

मला हट्टी म्हणता ना? मग ऐकाच. शिनोलीच्या पुढं, भीमाशंकर रस्त्याला माझी शाळा. पहिलीत मेंढपाळाची कोमल आली, ती दिवाळी उलटली तरी वर्गात एक शब्द बोलली नव्हती. हेडमास्तर माझ्या मागंच लागले.

"बाई, उभी करा तिला. जरा दटावून विचारा, बोलंल."

म्हटलं, "सर, तुमच्या नातवानं जन्मल्यापासून वर्षभर नुसतं ऐकलं, मग बोलला. त्याला कुणी दटावलं होतं का?"

"ते घर व्हतं. ही शाळा हाय!"

"पोरांचे कान दोन्हीकडं तेच असतात. मी थांबणार."

रोज गोष्टी सांगत राहिले. कोमल टक लावून ऐकायची, म्हणजे आत सगळं जात होतं. एक दिवस गोष्टीत मी मुद्दाम घुसडलं, "भर दुपारी ऊन तापलं, तशा मेंढ्या लांब लांब पांगल्या."

कोमल ताडकन उठली. "न्हाई बाई! ऊन तापलं की मेंढ्या गोळा व्हत्यात! एकमेकीच्या पोटाखाली डोकी घालत्यात!"

"असं? मग कुत्रं काय करतं?"

झालं! कुत्रं आलं, कोकरं आली, बिबट्यासुद्धा येऊन गेला. बाकीची पोरं आपापल्या गाई-म्हशी घेऊन मधी घुसली. वर्गात नुसता कालवा!

तेवढ्यात हेडमास्तर दारात. "बाई, त्या पोरीला गप करा की! मला फोनवर काय ऐकू येईना."

म्हटलं, "सर, इतके दिवस मी थांबले. आता तुम्ही थांबा."